‘नंक्युपेट’ : एका विरळ इंग्रजी क्रियापदाची चिकित्सा

१. इंग्लंडांतील जुन्या मृत्युपत्रांच्या ज्या सूची छापून प्रसिद्ध झाल्या आहेत, त्या चाळतांना ‘नंक्युपेटिव्ह’ हें विशेषण वाचकास वारंवार भेटतें. ज्या क्रियापदाच्या कुळांतलें तें आहे, तें ‘नंक्युपेट’ मात्र इंग्रजींतही आतां क्वचितच आढळतें. कोशकार त्याचे अर्थ दोन देतात : गंभीरपणें व जाहीर रीतीनें घोषित करणें हा एक, आणि मृत्युपत्र लेखाशिवाय मुखानें सांगणें हा दुसरा. आपल्याकडे भाषांतर करणारे यांपैकीं दुसराच अर्थ उचलतात व ‘तोंडी मृत्युपत्र’ असा प्रतिशब्द देऊन मोकळे होतात. हा प्रतिशब्द चुकीचा आहे असें माझें म्हणणें नाहीं. तो अपुरा आहे, आणि त्या अपुरेपणामुळें इतिहासाच्या वाचनांत एक दोष शिरतो, एवढेंच दाखविण्याचा येथें हेतु आहे. ‘तोंडी’ म्हणतांच ‘लेखी नव्हे, म्हणून कच्चें’ अशी भावना आपल्या मनांत उभी राहते. मूळ लॅटिन शब्दांत या कच्चेपणाची छटा नाहीं. इतकेंच नव्हे, तर लेखाशीं त्याचा विरोधही नाहीं.

२. प्रथम व्युत्पत्ति पाहूं. लॅटिनशीं जुजबी परिचय असलेल्या विद्यार्थ्यास ‘नुंकुपारे’ हें मूळ रूप पाहतांच ‘नुंक्’ म्हणजे ‘आतां’ हें अव्यय आठवतें आणि ‘आतां सांगणें’ असा अर्थ सुचतो. मरणोन्मुख मनुष्याच्या शेवटच्या शब्दांना तो शोभतोही. परंतु शोभणें हें प्रमाण नव्हे. ‘नुंकुपारे’ हें ‘नोमेन’ म्हणजे नाम आणि ‘कापेरे’ म्हणजे घेणें, धरणें या दोहोंपासून सिद्ध झालेलें आहे. ‘नोमेन’, ग्रीक ‘ओनोमा’, संस्कृत ‘नामन्’ आणि इंग्रजी ‘नेम’ हीं एकाच कुळांतील भावंडें होत. ‘कापेरे’ या धातूचा स्वर समासाच्या उत्तरपदांत बदलून ‘कुप्’ असें रूप होतें; ‘आविस्’ म्हणजे पक्षी, त्यापासून ‘आउकुपारी’ म्हणजे पक्षी पकडणें, हें त्याचें दुसरें उदाहरण. आतां ‘नोम्’ मधील ओकाराचा उकार कसा झाला, ही शंका उरते. तिचें उत्तर असें कीं, कवर्गाच्या अनुनासिकापूर्वीं लॅटिनमध्यें ऱ्हस्व ओकाराचा उकार होतो. ग्रीक ‘ओंकोस’ आणि लॅटिन ‘उंकुस’ ही जोडी पाहावी. दोहोंचा अर्थ आंकडा. आणि आपला ‘अङ्क’ शब्द वक्र आंकडा या अर्थीं याच जोडीचा तिसरा भाऊ आहे. येणेंप्रमाणें वर्णविकारांपैकीं एकही निराधार राहत नाहीं, आणि ‘नुंक्’ची कल्पना सोडून द्यावी लागते.

३. म्हणजे अवयवार्थ झाला ‘नाम घेणें’. पण अवयवार्थ म्हणजे शब्दार्थ नव्हे, हें आपल्या वैयाकरणांनीं व मीमांसकांनीं फार पूर्वीं सांगून ठेविलें आहे. चिखलांत जन्मणारें सारेंच कांहीं ‘पंकज’ होत नाहीं. शब्द यौगिक, रूढ कीं योगरूढ, हें प्रयोगावरून ठरवावें लागतें. नवलाची गोष्ट अशी कीं, हाच वाद या शब्दाविषयीं रोमन पंडितांमध्येंही झाला होता. इ. स. पूर्वीं पहिल्या शतकांतील व्हारो हा कायद्यांतील ‘नुंकुपातै पेकुनियै’ या प्रयोगाचा आधार देऊन ‘नुंकुपारे’ म्हणजे नाम घेणें असेंच सांगतो. फेस्टुसच्या कोशांत दोन मतें नोंदलेलीं आहेत. किंकियुस म्हणतो कीं, ‘नुंकुपाता’ म्हणजे नांव घेऊन, निश्चित करून, स्पष्ट उच्चारलेली रक्कम. सांट्रा यास तें मान्य नाहीं. पुष्कळ प्रयोग गोळा करून तो सांगतो कीं, या शब्दाचा अर्थ नुसतें नाम घेणें असा नसून वचन देणें, जणूं साक्ष ठेवून पत्करणें असा आहे, आणि नवसांच्या बाबतींत तोच अधिक जुळतो. एक योगाचा पक्षपाती, दुसरा रूढीचा. माझ्या मतें या दोघांत विरोध मानण्याचें कारण नाहीं. नाम घेणें ही क्रिया आहे, बांधलें जाणें हें तिचें फळ आहे. आणि हें फळ कोणत्या अटीवर मिळतें, तें पुढें गायुसच्या वचनांत येणार आहे.

४. शब्दाचा सर्वांत जुना निश्चित प्रयोग इ. स. पूर्वीं ४५१-४५० च्या द्वादश-पट्ट कायद्यांतला. ऋणबंध अथवा हस्तग्रहणपूर्वक हस्तांतर करतांना जिव्हेनें जसें उच्चारिलें असेल, तसाच कायदा व्हावा, असा त्या नियमाचा आशय. येथें हस्तांतराला ‘मान्किपियुम’ हा शब्द आहे, आणि तो ‘मानुस’ म्हणजे हात व तोच ‘कापेरे’ यांपासून झालेला आहे. हातानें वस्तु धरावयाची आणि जिव्हेनें नाम धरावयाचें, अशा दोन ‘ग्रहणां’नीं व्यवहार पुरा होई. इंग्रजींतील ‘एमॅन्सिपेट’ हें क्रियापद या पहिल्या ग्रहणापासून आलें आहे. त्याचें भाग्य उघडलें व तें सर्वतोमुखीं झालें. दुसऱ्या ग्रहणापासून आलेलें ‘नंक्युपेट’ वकिलांच्या कपाटांत राहिलें.

या नियमाची मर्यादा किकेरोनें आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत दाखविली आहे. द्वादश-पट्टाप्रमाणें जमीन विकणाऱ्यानें जे दोष जिव्हेनें उच्चारले असतील तेवढ्यांपुरताच तो बांधलेला असे, आणि उच्चारलेलें नाकारल्यास त्यास दुप्पट दंड होई. जो दोष उच्चारलाच नाहीं त्याचें काय, या प्रश्नावर पुढें व्यवहारपंडितांनीं मौनालाही दंड ठरविला. उच्चाराची शक्ति रोमन लोक जाणत होते, तशीच त्याची उणीवही जाणत होते, असें यावरून दिसतें. त्यांना भोळे समजण्याचें कारण नाहीं.

५. धर्मकृत्यांतही हाच शब्द. प्रांतावर निघणारे कॉन्सल व प्रेटर देवापुढें जे नवस उच्चारीत, त्यांना ‘व्होता नुंकुपाता’ म्हणत; आणि फेस्टुसच्या कोशांत असें स्पष्ट आहे कीं, ते पुष्कळ लोकांच्या देखत पट्टांवर लिहून ठेवीत. उच्चार आधीं, लेख मागून, आणि दोहोंच्या मध्यें साक्षी. इ. स. पूर्वीं २१७ सालीं फ्लामिनियुस हा कॉन्सल कापितोलवरील हा विधि टाळून परस्पर आरिमिनुमला गेला व तेथें त्यानें अधिकार धारण केला. सिनेटच्या सभासदांनीं यावर केवढा गहजब केला, तो लिव्हीनें आपल्या एकविसाव्या पुस्तकांत वर्णिला आहे. त्याच वर्षीं त्रासुमेन सरोवराच्या कांठीं हानिबालशीं लढतांना फ्लामिनियुस पडला. पराभवाचीं खरीं कारणें सेनापतीच्या उतावळेपणांत होतीं. परंतु समकालीनांच्या मनांत नवस न उच्चारतां निघालेला कॉन्सल हा पुरता कॉन्सलच नव्हता, हें या प्रसंगावरून उघड होतें.

६. आतां मुख्य प्रमाण. इ. स. च्या दुसऱ्या शतकांतील गायुस यानें आपल्या ‘इन्स्टिट्यूट्स’च्या दुसऱ्या भागांत तराजू व तांबें यांच्या साह्यानें होणाऱ्या मृत्युपत्राचा विधि सांगितला आहे. पांचांहून कमी नाहींत इतके प्रौढ रोमन नागरिक साक्षी, एक तराजू धरणारा, आणि मालमत्तेचा नाममात्र खरेदीदार, इतके लोक जमत. मृत्युपत्र करणारा आपल्या मृत्युपत्राच्या मेणलावल्या पाट्या हातांत धरून उभा राही आणि यांत जसें लिहिलें आहे तसेंच मी देतों असें सांगून उपस्थित नागरिकांस साक्ष देण्याचें आवाहन करी. या भाषणालाच ‘नुंकुपातियो’ म्हणतात, असें गायुस सांगतो व लगेच शब्दाची व्याख्या देतो : ‘नुंकुपारे’ म्हणजे उघडपणें नाम घेणें. पाट्यांमध्यें जें तपशीलवार लिहिलें, तें करणारा या एका सामान्य उच्चारानें नामनिर्दिष्ट करून दृढ करतो, असें त्याचें स्पष्टीकरण आहे.

या उताऱ्यांत ‘उघडपणें’ या एका क्रियाविशेषणानें किंकियुस आणि सांट्रा यांचा वाद मिटतो. नाम घेणें हा योग. तें चारचौघांसमक्ष घेणें ही रूढि. म्हणून शब्द योगरूढ. परंतु त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी कीं, येथें मृत्युपत्र लिहिलेलें आहे! पाट्या हातांत आहेत, अक्षरें मेणावर आहेत, आणि तरीही उच्चारावांचून त्यांना प्राण नाहीं. जो शब्द इंग्रजी कायद्यांत ‘लिखित’ याचा प्रतियोगी होऊन बसला, तोच गायुसच्या येथें लिखिताला दृढता देणाऱ्या क्रियेचें नांव आहे.

७. येथें ब्लॅकस्टनचें मत तपासणें प्राप्त आहे. आपल्या भाष्यग्रंथाच्या १७६६ सालच्या दुसऱ्या खंडांत तो मृत्युपत्रांचे लिखित व ‘नंक्युपेटिव्ह’ असे दोन वर्ग करतो, आणि लेखनकला सार्वत्रिक होण्यापूर्वीं हा दुसरा प्रकार अधिक चालत असे, असा खुलासा देतो. निरक्षर समाज बोलतो व साक्षर समाज लिहितो, ही कल्पना या खुलाशाच्या मुळाशीं आहे. इंग्लंडापुरतें तें कदाचित् खरें असेल. शब्दाच्या इतिहासाला मात्र तें लागू पडत नाहीं. गायुसच्या रोमन नागरिकाला लिहितां येत होतें. त्यानें लिहिलेंही होतें.

मग ‘लेखाशिवाय’ हा अर्थ आला कोठून? उत्तरकालीन रोमन कायद्यांत तराजू-तांब्याचा विधि मागें पडला. लिखित मृत्युपत्राला साक्षींच्या सह्या व मोहरा पुरेशा झाल्या, आणि लेखच नको असेल त्याला सात साक्षींसमक्ष आपली इच्छा उच्चारण्याची मोकळीक राहिली. ५३३ सालच्या जस्टिनियनच्या ‘इन्स्टिट्यूट्स’मध्यें ही व्यवस्था आढळते. पूर्वीं जो उच्चार दोन्ही प्रकारांना समान होता, तो आतां एकाच प्रकारांत शिल्लक राहिला, आणि नांवही त्यालाच चिकटलें. तरी मध्ययुगांतील इटलीच्या नोटरींच्या दप्तरांत अशीं ‘नुंकुपातिव्ह’ मृत्युपत्रें विपुल आहेत. म्हणजे तीं लिहिलेलींच आहेत. करणाऱ्यानें उच्चारलीं, नोटरीनें टिपलीं, म्हणून आज तीं आपल्या हातीं आहेत. त्यांना सरसकट ‘तोंडी’ म्हणणारा भाषांतरकार वाचकास बुचकळ्यांत टाकतो : तोंडी होतीं तर दप्तरांत आलीं कशीं?

८. ब्लॅकस्टनला न्याय द्यावयाचा तर त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उच्चारित मृत्युपत्रांत लबाडी व खोट्या शपथा यांना फार वाव आहे असें तो म्हणतो, आणि त्याला कारणही तसेंच घडलें होतें. १६७६ सालच्या कोल विरुद्ध मॉर्डंट या खटल्यांत कोल नांवाच्या वृद्धाच्या तरुण पत्नीनें, त्याच्या मृत्यूनंतर, सारी मालमत्ता आपणांस देणारें उच्चारित मृत्युपत्र पुढें आणिलें. त्याआधीं तीन वर्षांपूर्वींच्या लेखी मृत्युपत्रांत तीन हजार पौंड धर्मादायास ठेविले होते. नऊ साक्षी उभे राहिले. त्यांतले बहुतेक खोटे ठरले, आणि त्यांना फितविणारी ती स्वतःच होती हेंही उघड झालें. लेखी मृत्युपत्र लेखावांचून रद्द होऊं नये असा कायदा होईल अशी आशा लॉर्ड नॉटिंगहॅम यांनीं त्या वेळीं व्यक्त केली.

दुसऱ्याच वर्षीं, १६७७ सालीं, ‘स्टॅट्यूट ऑफ फ्रॉड्स’ झाला. तीस पौंडांहून अधिक मालमत्तेचें उच्चारित मृत्युपत्र असल्यास निदान तीन साक्षींनीं शपथेवर तें सिद्ध करावें; तें शेवटच्या दुखण्यांत व राहत्या घरीं, अथवा जेथें दहा दिवस वा अधिक वास्तव्य झालें तेथें केलेलें असावें; प्रवासांत अकस्मात् आजार आला तर हा स्थळनियम लागू नाहीं; आणि सहा महिने उलटल्यावर साक्ष घेऊं नये, मात्र उच्चारापासून सहा दिवसांत तें लिहून काढलें असेल तर घ्यावी, अशा अटी त्यांत आहेत. आणखी एक अट विशेष लक्ष देण्याजोगी आहे : ही माझी इच्छा आहे, तुम्ही साक्ष राहा, असें करणाऱ्यानें उपस्थितांस सांगितलेलें असलें पाहिजे. गायुसचा नागरिक पाट्या धरून जें आवाहन करी, तेंच हें. पंधराशें वर्षांनीं, दुसऱ्या देशांत, तिसऱ्या भाषेंत, आणि या प्रकारावर विश्वास नसलेल्या कायद्यांतसुद्धां शब्दाचा गाभा शिल्लक राहिला. पुढें १८३७ च्या कायद्यानें प्रत्यक्ष युद्धसेवेवरील सैनिक व समुद्रावरील खलाशी एवढ्यांपुरतीच ही सवलत उरली. आपल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या पांसष्टाव्या व सहासष्टाव्या कलमांतही तीच आहे. दोन साक्षी एकाच वेळीं हजर हवेत, आणि सवलतीचा हक्क संपल्यावर करणारा जिवंत असेल तर एका महिन्यानें तें मृत्युपत्र रद्द होतें.

९. आमच्या भाषांत या शब्दाला जुळणारें कांहीं आहे काय? पाणिनीनें तिसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादांत, अठ्ठावन्नाव्या सूत्रानें, ‘नामन्’ हें उपपद असतां ग्रह् धातूपासून णमुल् प्रत्यय सांगितला आहे. त्यावरून ‘नामग्राहम्’ हें रूप होतें. नाम घेऊन, नामनिर्देशपूर्वक, असा त्याचा अर्थ. अवयवांच्या दृष्टीनें ‘नुंकुपारे’चें याहून चपखल संस्कृत रूप मिळणार नाहीं. मराठींत ‘नांव घेणें’ तर घरोघरीं आहे. लग्नांत वधू चारचौघांसमक्ष पतीचें नांव घेते, त्यांत गायुसचें ‘उघडपणें’ हें विशेषणही आहेच. मात्र अर्थसाम्यावरून ऋण सिद्ध होत नाहीं. दोन समाजांनीं एकच गोष्ट स्वतंत्रपणें पाहिली, एवढेंच यावरून म्हणतां येतें.

विचाराचें साम्य याहून खोल आहे. याज्ञवल्क्य आचाराध्यायांत राजाला भूमिदानाविषयीं सांगतो कीं, दान दिल्यावर पुढील राजांच्या माहितीसाठीं लेख करवावा. तेथील ‘दत्त्वा’ हें पूर्वकालवाचक रूप महत्त्वाचें आहे. दान आधीं होऊन गेलेलें आहे. ताम्रपट त्याची नोंद आहे. नामगोत्राचा उच्चार करून उदक सोडलें कीं देणें पुरें झालें, हीच त्यामागची समजूत. आपण संशोधक ताम्रपटालाच दान समजतों, तें याज्ञवल्क्याला मान्य झालें नसतें. व्यवहाराध्यायांत तोच लिखित, भुक्ति आणि साक्षी अशीं तीन प्रमाणें सांगतो, म्हणजे लेखाची किंमतही तो जाणून आहे.

१०. हा विषय मला केवळ कोशांतला वाटत नाहीं, याचें एक कारण घरचें आहे. माझ्या पणजोबांनीं १९२१ सालीं शेवटच्या दुखण्यांत, पांच गृहस्थांना ओसरीवर बोलावून, आपल्या स्वकष्टार्जित आमराईची चतुःसीमा सांगितली आणि ती आपल्या विधवा कन्येस, म्हणजे माझ्या वडिलांच्या आत्याबाईंस, दिली असें उच्चारिलें. त्याच रात्रीं कोणीतरी घरच्या वहींत तें टिपलें व पांचही जणांचीं नांवें घातलीं. सही कोणाची नाहीं. १९८३ सालीं आमराईवरून भाऊबंदांत वाद निघाला, तेव्हां घरांतला शिकलेला म्हणून ती वही माझ्यापुढें ठेवण्यांत आली. मी पंचवीस वर्षांचा होतों, मल्लिनाथाच्या प्रतिज्ञेचा मला अभिमान होता. हें मृत्युपत्र नव्हे, ही नुसती तोंडी गोष्ट आहे, असा मीं अभिप्राय दिला. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलेंच नाहीं. आत्याबाईंच्या मुलांनीं माझ्या शब्दावर हक्क सोडला.

१८७० चा हिंदु विल्स ॲक्ट मुंबई शहराला लागू होता, बाहेरील जिल्ह्यांना नव्हता. तेथें हिंदूच्या मृत्युपत्राला लेखाची अट १ जानेवारी १९२७ पासून पुढें केलेल्या मृत्युपत्रांनाच लागली, हें मीं फार उशिरां वाचलें. १९२१ सालीं आमच्या गांवीं माझ्या पणजोबांचा उच्चार कायद्यानें मृत्युपत्रच होता. नाम घेतलेलें होतें, सीमा सांगितलेली होती, साक्षींना पाचारण केलेलें होतें, आणि त्याच दिवशीं तें लिहूनही काढलें होतें. गायुस व इंग्लंडचा १६७७ चा कायदा या दोघांनाही जें हवें होतें तें त्या वहींत होतें. माझ्या डोक्यांत मात्र ‘तोंडी’ हा एकच शब्द होता.

११. तात्पर्य, ‘नंक्युपेट’ याचा प्रतिशब्द ‘साक्षींसमक्ष नामनिर्देशपूर्वक उच्चारणें’ असा करावा, आणि विशेषणासाठीं ‘उच्चारित’ हा शब्द वापरावा. तो ‘तोंडी’हून थोडा जड आहे, पण वाचकाला चुकीच्या दिशेनें ढकलीत नाहीं. जुन्या कागदांत असा उच्चार नोंदलेला दिसला तर त्याला लगेच खालच्या पायरीवर बसवूं नये. नाम कशाचें घेतलें, कोणासमक्ष घेतलें, आणि तें किती दिवसांनीं व कोणीं लिहून काढलें, हे तीन प्रश्न विचारावे. कोलच्या पत्नीचे नऊ साक्षी या प्रश्नांपुढें टिकले नसते. तसेंच लेखाच्या चिरंजीवित्वावरही फार विसंबूं नये. गायुसचा जो ग्रंथ आपण वर प्रमाण धरला, तोही चर्मपत्रावरून खरवडून काढून त्याच्यावर संत जेरोमचीं पत्रें लिहिलेलीं होतीं. व्हेरोनाच्या ग्रंथालयांत नीबूरला १८१६ सालीं तीं खालचीं अक्षरें दिसलीं, म्हणून ‘नुंकुपारे’ची व्याख्या आज आपणांस वाचावयास मिळते.

आमच्या घरची वही अजून माझ्यापाशीं आहे. तिच्यांतील त्या पानाची नक्कल मीं आत्याबाईंच्या नातवंडांकडे पाठविली आहे, आणि तिच्याखालीं १९८३ सालचा माझा अभिप्राय चुकीचा होता असें लिहून सही केली आहे.